नोकरी सोडून अंथरुणाला खिळलेल्या आईचं करते आहे. भावाकडे दरमहा पैसे मागणं चूक आहे का? सरकारकडून काही मिळतं का?

मागा. आणि तोंडी नको, मेसेजवर मागा.

"आपल्याच आईचं करायचे पैसे कसले?" असं भावाने ऐकवलं म्हणता, म्हणून लिहायला बसले. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा दादाने मला हेच ऐकवलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. अंगाखाली आडवी घातलेली चादर मुठीत धरून आपल्याकडे ओढायची, पाठीला उशी लावायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची. दादा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, "आज बाबा फ्रेश दिसतायत ना?"

मग माझंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दादाने नर्सिंग ब्यूरोतून चोवीस तासांची बाई लावली. त्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फक्त पेशंटचं करणार, घरच्यांची भांडी-कपडे नाही, आठवड्याची सुट्टी हवी. अगदी रास्त. दादाने डिपॉझिटसकट पैसे मुकाट भरले. ती पावती मी औषधांच्या फाइलीत लावली आणि बरी झाल्यावर त्याच्यासमोर धरली. पुढच्या महिन्यापासून मला ब्यूरोच्या दराच्या निम्मे यायला लागले. निम्मेच का? तर "तू घरीच तर असतेस."

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनने 1976 साली घरचं आजारपण काढणाऱ्यांना भत्ता सुरू केला आणि त्यातून विवाहित बायकांना वगळलं, त्या तशाही घरीच असणार म्हणून! जॅकलिन ड्रेक नावाच्या बाई आपल्या आईचं करत होत्या. त्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 साली जिंकल्या. दादाला हे वाचून दाखवलंय.

आपल्या सरकारचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद आहे, पण ती राज्याच्या ऐपतीवर सोडलेली. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, घरी लावलेल्या बाईसाठी नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो, महिन्याला कमाल 10,000. मात्र तो हक्क आईचा, तुमचा नाही. अर्ज तिने करायचा, किंवा तिला जमत नसेल तर तिने अधिकार दिलेल्या माणसाने.

दिव्यांग प्रमाणपत्र मात्र काढाच. आई भावावर अवलंबून असेल तर त्याला आयकरात 75,000 ची वजावट मिळते, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 ची. तो वाचलेला कर तरी तुमच्याकडे यायला काय हरकत आहे? (तो नव्या करप्रणालीत असेल तर हे विसरा.)

आईला पेन्शन असेल तर ती शुद्धीत आहे तोवर, दरमहा तुम्हाला किती हे तिच्या सहीने लिहून घ्या. नाहीतर मागाहून एटीएमच्या स्लिपा मोजल्या जातात. आमच्याकडे मोजल्या गेल्या. डायपरच्या पाकिटापर्यंत सगळं वहीत होतं, म्हणून दादाला गप्प बसावं लागलं.

भावाची खरंच ओढाताण असेल तर पैशांऐवजी दिवस मागा. त्याने येऊन राहायचं, बघायला नाही, करायला.

आणि "घर शेवटी तुलाच मिळणार" असं म्हणाला तर मृत्युपत्र दाखव म्हणावं. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी, कूस कोणी बदलली हे तिथे कोणी विचारत नाही. आमचं घर विकलं तेव्हा दादाने अर्धा वाटा घेतला. त्याबद्दल तक्रार नाही. ब्यूरोच्या दराने माझी उरलेली निम्मी रक्कम किती होते, तो हिशोब मी त्याला पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.