सकाळची प्रार्थना चुकली की दिवस बिघडतो का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की समोरच्याने अर्धं वाक्य बोललं तरी कळतं. ही बाई मात्र पुरावा घेऊनच आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पर्समधून डायरी काढून टेबलावर ठेवली. रोजच्या तारखेपुढे टिक नाहीतर फुली, टिक म्हणजे सकाळी प्रार्थना आणि वचन (बायबलवाचन) झालं, फुली म्हणजे राहिलं, आणि प्रत्येक फुलीपुढे बारीक अक्षरात काहीतरी. बस चुकली. साहेब ओरडले. बाळाला ताप.

"ताई, बघा ना, ज्या दिवशी प्रभूला वेळ देत नाही त्याच दिवशी असं होतं."

मी विचारलं, टिकच्या दिवशी काय झालं ते कुठे लिहिलंय? टिकपुढची जागा पानोपानी कोरी. म्हटलं आठवून बघा, तर तिलाच आठवलं, बाळाला पहिला मोठा ताप आला त्या पहाटे ती पाऊण तास गुडघ्यांवर होती. बराच वेळ ती त्या कोऱ्या जागेकडे बघत बसली.

अशा वेळी "तारण, म्हणजे उद्धार, देवाच्या कृपेने आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ती स्वतः संडे स्कूल शिकवायची, हे वाक्य तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ, आणि तरी धाकधूक होतीच.

म्हणून मी प्रार्थनेचं सोडून रात्रीचं विचारलं. बाळ दहा महिन्यांचं, रात्रीत तीनदा उठतं, आणि अलार्म पाचचा, कारण लग्नाआधी पाच ते सहा हीच तिची वेळ होती. मग डोळे मिटले की डुलकी, डुलकी लागली की अपराधी वाटणार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे "पहिल्यापासून" ऐकून मी थोडी थांबले, कारण काहींना प्रार्थना "नीट" होईपर्यंत पंधरा वीस वेळा परत करावी लागते, न केल्यास जीव घाबरा होतो, तो अनेकदा ओसीडीचा (तेच ते परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा) प्रकार असतो आणि तिथे नुसतं चर्चच्या पाळकांशी बोलून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. हिचं तसं नव्हतं. ही फक्त थकलेली होती.

तिला बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ उघडायला लावलं. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागतोय, आणि देवदूत येऊन काय म्हणतो? ऊठ, खा. तो खाऊन परत झोपतो, तरी कोणी रागावत नाही, दुसऱ्यांदाही खायलाच देतो. "हे मी मुलांना शिकवलंय," ती म्हणाली आणि हसली, आल्यापासून पहिल्यांदाच.

पण पुढचा प्रश्न तयार होता, येशू तर पहाटे उठून एकांतात जायचा ना, मार्क १:३५? हो, जायचा, आणि मी ते हलकं करणार नाही. फक्त पुढच्या तीन ओव्याही वाचा म्हटलं. शिष्य शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतात, आणि तो परत त्या गर्दीकडे न जाता दुसऱ्या गावांकडे निघतो. म्हणजे प्रार्थनेने त्याचा दिवस सोपा केला असं तिथे कुठेच नाही, कुठे जायचं ते मात्र त्याला पक्कं माहीत होतं. आपण सकाळच्या भक्तीला विम्याचा हप्ता करून टाकतो हो, भरला की दिवसभर काही होणार नाही!

मग ठरलं ते असं. पाचचा अलार्म बंद. बाळ उठेल तेव्हा उठायचं, फोन हातात घ्यायच्या आधी पलंगाच्या कडेला बसून स्तोत्राच्या दोन ओळी मोठ्याने वाचायच्या, आज ज्यांना भेटायचंय त्यांची नावं प्रभूपुढे घ्यायची, बस. रात्री बाळाला पाजताना जे मनात येईल तीही प्रार्थनाच. डुलकी लागली तर लागली.

दीड महिन्यांनी ती परत आली. काही दिवस छान गेले, काही दिवस दोन ओळीही झाल्या नाहीत म्हणाली, आणि एकदा ऑफिसात बोलणी खाल्ली तेव्हा डायरी काढायला हात गेलाच होता. टाकून दिलीत का, मी विचारलं. नाही, कपाटात आहे.