नर्स आमदार झाल्या, तरी नर्सेसच्या संख्येचा कायदा का अडला?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एरिन मर्फी या नर्स आमदार झाल्या, नर्सेसचा तुटवडा हा त्यांचा जुना मुद्दा, 2023 मध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ताही होती, मग एका नर्समागे किती पेशंट हे कायद्याने का ठरलं नाही?

ओळख थोडक्यात. मर्फी राज्यातल्या नर्सेसच्या संघटनेचं काम करून 2007 पासून कनिष्ठ सभागृहात. 2018 ला गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा हा मुख्य मुद्दा होता. पक्षाचा पाठिंबा मिळूनही प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) टिम वॉल्झकडून हरल्या. 2020 ला सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, निवडून आल्या आणि 2024 ला तिथल्या बहुमताच्या नेत्या झाल्या.

विमा मोठा विषय आहे, पण तिथे राज्याच्या आमदाराचे हात बांधलेले असतात. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी विमा) केंद्राचं, मेडिकेडमध्ये (गरिबांचा सरकारी विमा) केंद्राचा पैसा आणि केंद्राच्या अटी. नर्सचा परवाना, हॉस्पिटलचा परवाना आणि वॉर्डात माणसं किती हवीत हे मात्र राज्य ठरवू शकतं. म्हणून नर्स-आमदाराचं खरं वजन इथे कळतं.

आधी गणित बघा. 30 खाटांचा मेडिकल-सर्जिकल वॉर्ड (साधे आजार आणि ऑपरेशनचे पेशंट), बारा तासांची ड्यूटी. एका नर्सला 6 पेशंट धरले तर एका शिफ्टला 5 नर्स, दिवसाला 10, आठवड्याला 70 ड्यूट्या. एक नर्स आठवड्याला 3 ड्यूट्या करते, म्हणजे 24 जणी. आता 6 ऐवजी 5 पेशंट करा. शिफ्टला 6 नर्स, आठवड्याला 84 ड्यूट्या, 28 जणी. रजा आणि आजारपण अजून धरलेलंच नाही. कागदावर एक आकडा इकडचा तिकडे, आणि एका वॉर्डात चार पगार वाढले. हॉस्पिटलं इतकी का खवळतात ते यावरून समजतं.

कॅलिफोर्नियाने हे 1999 च्या कायद्याने केलं, अंमल 2004 पासून: आयसीयूत एका नर्समागे 2, इमर्जन्सीत 4, मेडिकल-सर्जिकलला आधी 6 आणि 2005 पासून 5. तिथली खरी लढाई आकड्यावर नव्हती, "सदासर्वकाळ" या अटीवर होती, म्हणजे आकडा प्रत्येक क्षणी पाळायचा. वरच्या वॉर्डात सहा जणींपैकी एक जेवायला गेली की उरलेल्या पाच जणींवर 30 पेशंट, म्हणजे अर्धा तास नियमभंग. हॉस्पिटलं यावर कोर्टात गेली आणि हरली. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीला बदली नर्स द्यावी लागते. दुसरी पळवाट म्हणजे इनचार्ज सिस्टरला आकड्यात मोजणं. तिच्याकडे प्रत्यक्ष पेशंट असतील तरच ती मोजायची, असं नियमात लिहिलेलं आहे. दंड मात्र 2019 च्या कायद्यात आला: पहिल्यांदा 15,000 डॉलर, पुढे 30,000. तोवर नियम होता, पण त्याला दात नव्हते.

मिनेसोटात मर्फींनी सिनेटमध्ये जे विधेयक मांडलं त्यात सगळ्या राज्याला एकच आकडा नव्हता. प्रत्येक हॉस्पिटलात नर्सेसचा सहभाग असलेली समिती बसेल आणि ती संख्येचा आराखडा ठरवेल, अशी रचना होती. लहान गावातल्या हॉस्पिटलांचा विरोध सौम्य व्हावा म्हणून ही तडजोड, असं मला वाटतं. वातावरणही तापलेलं होतं. आदल्या सप्टेंबरात सुमारे 15,000 नर्सेस तीन दिवस संपावर होत्या.

पण सिनेटमधलं बहुमत होतं 34 विरुद्ध 33. एक मत हललं की सगळं बसलं. मे महिन्यात राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या मेयो क्लिनिक या बड्या हॉस्पिटलने कळवलं की हे विधेयक याच रूपात झालं तर अब्जावधी डॉलरची गुंतवणूक दुसऱ्या राज्यात नेऊ. मग मेयोला सूट द्यायची चर्चा सुरू झाली. एकाला सूट दिली की बाकीची हॉस्पिटलं "आम्हाला का नाही?" विचारणारच. शेवटी समित्याच गळाल्या. उरलं ते वॉर्डातल्या मारहाणीपासून संरक्षण, नर्सेसच्या शैक्षणिक कर्जात मदत आणि थोडा अभ्यास. (त्याच नोव्हेंबरात मेयोने रॉचेस्टरमध्येच 5 अब्ज डॉलरचा विस्तार जाहीर केला.)

उरलेलं टाकाऊ आहे असं नाही. नर्सवर हात उगारला जाणं ही रोजची गोष्ट आहे. पण एका नर्सला आज रात्री किती पेशंट, याला त्यात उत्तर नाही.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य हॉस्पिटलला 1:5, शिकवणाऱ्या हॉस्पिटलला 1:3 आणि वर रजेसाठी 30 टक्के जादा नर्सेस असा आहे. उद्या कुणी उमेदवार "नर्सेसची संख्या वाढवू" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: आकडा शिफ्टचा की महिन्याच्या सरासरीचा, जेवणाच्या सुट्टीत कोण, आणि मोडला तर दंड किती?