येऊर वेगळं, केदारकंठा वेगळा

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरात दर रविवारी एकटा फिरतोस, म्हणून जानेवारीत उत्तराखंडातलं केदारकंठा शिखरही एकट्याने? हौस आवडली. पण पहिल्या खेपेला पायथ्याच्या सांक्री गावातून स्थानिक गाइड घेच. बर्फाने पायवाट झाकली की आपला अंदाज चालत नाही.

मोठी चूक कपड्यांची. आपण ठाणेकर थंडी म्हटली की कॉटनचे टी-शर्ट एकावर एक चढवतो. घामाने भिजलेलं कॉटन वाळत नाही, थांबलास की हुडहुडी भरते. आत सिंथेटिक किंवा लोकर घाल, घाम फुटायच्या आधीच एक थर उतरव.

- गॉगल हवाच, ढगाळ असलं तरी.
- बाटली उलटी ठेव. पाणी वरून गोठतं.
- परतायची वेळ निघतानाच ठरव. ती झाली की शिखर समोर दिसलं तरी मागे फिर.

स्नोशू (खोल बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) आत्ताच घेऊ नकोस, मळलेल्या वाटेवर मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे लोखंडी दाते) पुरतात. जानेवारीपर्यंत पाठीवर आठ किलो घेऊन मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढ.