नव्या इंजिनाची जुनी शेव्हरोले विकताना

प्रश्न : आजोबांनी तंबाखूच्या व्यापाराच्या दिवसांत मुंबईहून आणलेली १९४७ सालची शेव्हरोले फ्लीटमास्टर कूप ही दोन दारांची गाडी आमच्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी मी तिच्यात इनोव्हाचे डिझेल इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि बारा व्होल्टची वायरिंग बसवून घेतली. जुने इंजिन, गिअरबॉक्स व मागचा अ‍ॅक्सल गोणपाटात गुंडाळून वखारीत ठेवले आहेत. आरसी बुक अजून दिवंगत वडिलांच्या नावे असून त्यावर पेट्रोल आणि जुनाच इंजिन क्रमांक आहे. कोल्हापूरचे एक गृहस्थ ‘व्हिंटेज’ म्हणून गाडी घ्यायला तयार आहेत. व्यवहार कसा करावा?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जुने इंजिन भंगारात घातले नाहीत, हे आपण फार चांगले केलेत, पुढचे जवळजवळ सारे उत्तर त्याच्यावरच उभे आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द बोलताना आपण सैल वापरतो, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ सालच्या दुरुस्तीपासून त्याला नेमका अर्थ आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली, म्हणजे जिच्या चॅसिसमध्ये (खालच्या सांगाड्यात), बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, अशीच गाडी त्या नियमांखाली नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क पडते आणि ती दहा वर्षे टिकते. वयाची अट आपली गाडी सहज पार करते, इंजिनाची करीत नाही. आज ती ‘व्हिंटेज’ म्हणून विकलीत, तर उद्या खरेदीदार फसवणुकीचा आरोप करू शकेल.

दुसरी अडचण याहून जड आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदल्या जाणाऱ्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवील. एखादा दलाल ‘कागद बसवून देतो’ म्हणाला, तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

म्हणून आमचा सल्ला असा, की इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल परत जागेवर बसवावेत व मगच गाडी दाखवावी. तिन्हींची नावे मुद्दाम एकत्र घेतली, कारण त्या काळच्या शेव्हरोलेत गिअरबॉक्सपासून मागे जाणारा शाफ्ट एका बंद नळीत फिरतो आणि ती नळी मागच्या अ‍ॅक्सललाच जोडलेली असते. ती नळीही गोणपाटात आहे ना, हे आजच पाहावे. साडेतीन लिटरचे ते सहा सिलिंडरचे इंजिन पडून पडून जाम झाले असेल, तर जोर लावून फिरवू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे आणि आठवडाभर मुरू द्यावे. त्याच्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगे व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची, ओतून केलेली असतात, बाजारातून तयार आणून टाकण्याजोगी नव्हेत. ती झिजलेली निघाली, तर बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या कामाची जाण असलेला कारागीर शोधावा. नवे इंजिन बसवताना चॅसिस कुठे कापली किंवा वेल्ड केली, हेही त्या वेळच्या फिटरला विचारून घ्यावे, कारण मूळ स्वरूपाचा प्रश्न तिथेही येतो.

डिस्क ब्रेक आणि बारा व्होल्टची वायरिंग आम्ही मात्र काढली नसती. आरसीवर त्यांची नोंद नसते, आणि मूळच्या सहा व्होल्टच्या कंदिली उजेडात रात्री निपाणीहून संकेश्वरपर्यंत जाण्याची हौस फार थोड्यांना असेल. जुने ड्रम जपून ठेवले असतील, तर तेही गाडीबरोबर द्यावेत. सुटे झालेले इनोव्हाचे इंजिन वेगळे विकता येईल. त्याची मूळ खरेदीची पावती मात्र हाताशी हवी.

जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन येईल आणि मडगार्डच्या कडांवर, दाराच्या खालच्या पट्टीवर ते लावून पाहील. जिथे ते पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, असे तो समजेल. ते काम आपणच आधी करावे आणि सापडलेल्या जागा आपण होऊन दाखवाव्यात.

कागदांचा क्रम सोपा आहे, वेळखाऊ मात्र आहे. प्रथम परिवहन कार्यालयात (आरटीओत) फॉर्म ३१ ने गाडी वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्यावी. नोंदणीची मुदत संपली असल्यास तेही काम तिथेच उरकावे. विक्रीसाठी फॉर्म २९ व ३० लागतात आणि गाडी महाराष्ट्रात जाणार असल्याने फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्रही लागेल. तोवर व्हिंटेज नोंदणी मिळालेली असेल, तर विकणारा व घेणारा या दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन कार्यालयाला नव्वद दिवसांत कळवायचे असते. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीतल्या मालकाकडेच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा सौद्याच्या कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहावी, कोणते भाग मूळ आणि कोणते बदललेले याची यादी खाली जोडावी, आणि त्या गृहस्थांची सही प्रत्येक पानावर झाल्यावरच किल्ली हातात द्यावी.