मॅरिलियनला प्रत्यक्ष ऐकायला जाताना

मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडला पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकणार असाल, तर एखाद्या सुट्या मैफिलीऐवजी, २००२ पासून भरत आलेला त्यांचा तीन रात्रींचा चाहता-मेळावा गाठा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तेथे दर रात्री गाण्यांची यादी बदलते आणि एरवी क्वचितच वाजणाऱ्या दीर्घ रचनाही ऐकायला मिळतात. नेदरलँड्समधील पोर्ट झेलांडचा मेळावा निवडलात, तर तिकीट मिळताच शेंगेन व्हिसाच्या तयारीला लागा: अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा त्यासाठी आवश्यक असतो. मुक्काम समुद्राजवळच्या सुट्टीच्या घरांत असतो, त्यामुळे खर्च वाटून घेणारे सोबती आधीच शोधा. इअरप्लग अवश्य न्या. स्टीव्ह रॉदरीची गिटार त्यांतूनही सुरेल ऐकू येते.