दाद देताना

प्रिय कविमित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फोनवरच्या आपल्या कवितांच्या समूहावर कविता टाकली की पाच मिनिटांत 'अप्रतिम', 'भावस्पर्शी', 'लेखणीस सलाम' येतं, हात जोडलेल्या चित्रांची आणि फुलांची रांग लागते, आणि तरी कविता कुणी वाचली का हे तुला कळत नाही. इतरांच्या कवितांवर तूही तेच लिहितोस, कारण नाही लिहिलं तर पुढच्या वेळी तुझ्या कवितेकडे कुणी फिरकत नाही. हे सगळं सोडून एकट्यानेच लिहावं का, असं तू विचारलंयस.

सोडू नकोस. दुसऱ्याच्या कवितेला उत्तर देणं हे कविता लिहिण्याइतकंच मन लावून करायचं काम आहे, आणि ते तसं केलंस तर सगळ्यात आधी तुझीच ओळ सुधारेल. या पत्रात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पण त्याआधी त्या 'अप्रतिम'बद्दल थोडं बोलू.

आपल्या समूहात कोण आहेत ते एकदा नीट बघ. निवृत्तीनंतर पहिल्यांदा लिहायला बसलेले आहेत, दुकान बंद केल्यावर लिहिणारे आहेत, घरातलं सगळं आवरून रात्री अकराला फोन हातात घेणाऱ्या बायका आहेत, परदेशात राहून मराठी विसरू नये म्हणून लिहिणारे आहेत. यातल्या कितीतरी जणांच्या घरात कविता ऐकायला कुणी नाही. रोजच्या उपक्रमाचा विषय आला, चित्रकाव्य असो की शब्द देऊन चारोळी, की दिवसभर डोक्यात काहीतरी घोळत राहतं, आणि रात्री कुणीतरी 'छान' म्हणतं. त्या 'छान'वर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहितो. म्हणून कौतुकाला हसू नकोस. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव मराठीत कायमचं राहिलं. पण पुढची गोष्टही तितकीच मोलाची आहे: कवी रेव्हरंड टिळकांनी त्या मुलाला आपल्या घरी आणून ठेवलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. टाळी एका दुपारची असते. कविता रोज ऐकणारं घर त्याला मिळालं, ते नशीब थोड्यांच्या वाट्याला येतं. आपल्यासारख्यांना ते घर एकमेकांसाठी उभं करावं लागतं, आणि नुसत्या फुलांच्या चित्रांनी ते उभं राहत नाही.

आता एक उदाहरण देते. समूहातल्या एका काकूंनी मागे अष्टाक्षरी, म्हणजे ओळीला आठ अक्षरांची कविता, टाकली होती. त्यांना विचारूनच इथे लिहिते आहे.

आजी गेली त्या दिवशी
चूल राहिली पेटती
कोणी दूध ठेवलेले
मनी आसवे दाटती

प्रतिसाद भरपूर आले. 'डोळे पाणावले' असं बहुतेकांनी लिहिलं. ते खोटं नव्हतं, खरंच पाणावले असतील. पण कुठल्या ओळीने पाणावले हे एकानेही सांगितलं नाही. काकूंनी शेवटी 'काही सुधारणा असल्यास कळवावे' असं लिहिलं होतं, म्हणून मी त्यांना समूहावर न लिहिता वेगळा निरोप पाठवला. आधी दुसऱ्या ओळीबद्दल लिहिलं. घरात कुणी गेलं की आपल्याकडे चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भात येतो. इथे चूल आधीच पेटलेली आहे, म्हणजे सकाळचं घर नेहमीसारखं सुरू होतं आणि मधेच काहीतरी घडलं. हे सगळं काकूंनी आठ अक्षरांत आणलं होतं आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मग एकच प्रश्न विचारला: दुधाचं पुढे काय झालं?

बाकी काही सुचवलं नाही. चौथी ओळ 'पेटती'ला यमक हवं म्हणून आली आहे, आसवं दाटली हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही, हे मी म्हणू शकले असते. पण तो प्रश्न पुरेसा होता. दोन दिवसांनी काकूंकडून हे आलं:

आजी गेली त्या दिवशी
चूल पेटलेली होती
दूध उतू गेले तरी
माणसे बसून होती

'होती'ला 'होती' हे यमक कुणाला सैल वाटेल, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नसेल. पण शेवटची ओळ बघ. दूध उतू जातंय आणि उठून पातेलं उतरवायचं कुणालाही सुचत नाही. आसवं हा शब्द गेला आणि दुःख आलं. यातलं एकही अक्षर माझं नाही, आणि याचंच मला अप्रूप आहे.

तेव्हा कविता वाचलीस की आधी तुला जिथे थांबावंसं वाटलं ती ओळ शोध आणि ती ओळ प्रतिसादात जशीच्या तशी उतरवून लिही. का थांबलास ते एका वाक्यात सांग. कविता लिहिणाऱ्याला इतकं कळलं तरी तो पुढच्या कवितेत कुठे जायचं ते ओळखतो. मग जिथे तू अडखळलास ती जागा, तीही एकच. दहा चुका एकदम दाखवल्यास तर माणूस दहाही विसरतो, फक्त दुखावल्याचं तेवढं लक्षात ठेवतो. आणि ही दुसरी गोष्ट चारचौघांत सांगू नकोस. स्तुती समूहावर, शंका खाजगीत. समूहावरच चर्चा हवी आहे असं कवीने स्वतः म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

मागितल्याशिवाय दुरुस्ती करू नकोस, हेही सांगते. तुझ्या कवितेवर ज्या ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर 'वृत्त तपासा' एवढंच लिहिलं, त्यांचा तुला राग आला. वृत्त खरोखर चुकलं होतं. पण कुठे चुकलं हे न सांगता तपासा म्हणणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे. उर्दूत इस्लाहची जुनी रीत आहे. शागीर्द स्वतः गझल पाठवतो, उस्ताद ती सुधारून परत करतो. गालिबने कितीतरी जणांच्या रचना टपालाने अशा तपासून दिल्या. दिल्लीजवळच्या सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली त्याची पत्रं आजही वाचायला मिळतात. तो त्यांना मायेने 'मिर्झा तफ्ता' म्हणायचा, आणि त्याच मायेने त्यांच्या ओळीतला शब्दही खोडायचा. आपल्याकडे सुरेश भटांनी तेच केलं. गझल शिकू पाहणाऱ्या अनोळखी मुलांना ते गझलेचे नियम सांगणारी 'गझलेची बाराखडी' टपालाने पाठवायचे, त्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. आज मराठीत गझल लिहिणारे इतके दिसतात, त्यामागे त्या टपालाचा मोठा वाटा आहे असं मी मानते. या दोघांकडेही लोक आपण होऊन आले होते, आणि दोघांनीही चूक कुठे आहे ते नेमकं दाखवलं. नेमकं सांगायला वेळ लागतो. तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या दिवशी फक्त आवडलेली ओळ लिहावी आणि थांबावं.

एकमेकांचं कौतुक करणारे कवी काही आज पहिल्यांदा एकत्र आलेले नाहीत. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमायची, कविता वाचायची, त्यांवर बोलायची, पुस्तकंही मंडळाच्या नावाने काढायची. त्यांच्यावर टीका झाली, एकमेकांची तळी उचलतात असंही म्हटलं गेलं. दोनच वर्षांनी अत्र्यांची 'झेंडूची फुले' ही विडंबनं आली आणि त्या पिढीच्या लकबींवर सगळा महाराष्ट्र हसला. मला त्यात दोन्ही बाजूंचं बरोबर वाटतं. विडंबन करायला मूळ कविता किती बारकाईने वाचावी लागते याचा विचार कर! कुठला शब्द कवी सवयीने वापरतो, कुठे उगाच उसासे टाकतो, हे अत्र्यांना दिसलं होतं. आणि मंडळातल्या लोकांनी दर आठवड्याला एकमेकांचं ऐकून घेतलं, म्हणून त्यांचं छंदावरचं प्रभुत्व वाढलं, कविता म्हणून दाखवण्याची रीत महाराष्ट्रभर गेली. आपल्या समूहात रविवारचा चहा आहे. अत्र्यांची नजर आपली आपण कमवायची, आणि ती आधी स्वतःच्या कवितेवर वापरायची.

काही लहानसहान गोष्टी. कविता मोठ्याने वाचल्याशिवाय प्रतिसाद लिहू नकोस. मोबाईलच्या पडद्यावर लांब ओळ मधेच मोडते, यती, म्हणजे ओळीतली थांबायची जागा, भलतीकडे जाते आणि बिचाऱ्या कवीला लय नाही असं वाटतं. दुसऱ्याच्या कवितेवरून तुला काही सुचलं तर ते त्याच धाग्यात लगेच टाकू नकोस. त्याची कविता अजून कुणी वाचत असेल. दुसऱ्या दिवशी टाक आणि त्याची ओळ अवतरणात, नावासकट ठेव. तरही मुशायऱ्यात ज्यावरून गझल लिहायची तो मिसरा, म्हणजे ओळ, सगळ्यांना आधीच दिलेला असतो, तिथली गोष्ट निराळी. पुढे पाठवतानाही कवीचं नाव कापू नकोस. नावाशिवाय फिरणाऱ्या कविता मला वाटेत पडलेल्या पत्रांसारख्या वाटतात. आणि कुणाच्या घरी नुकतंच दुःख घडलेलं असेल, त्यातून कविता आली असेल, तर तिथे वृत्त, यमक काही बघू नकोस. त्या माणसाशी बोल. कवितेबद्दल वर्षाने बोलता येईल, न बोललास तरी चालेल.

सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, कवितांचा पूर येतो तेव्हा तर नाहीच. रोज एक कविता निवड. शक्यतो जिच्यावर कुणी काही लिहिलेलं नाही अशी, आणि तिला दहा मिनिटं दे. सन्मानपत्रं, 'सर्वोत्कृष्ट', 'उत्कृष्ट' हे ज्याला मिळतं त्याचा आनंद खरा असतो, त्याचं अभिनंदन कर. पण तुझ्या कवितेचं माप तिथे काढू नकोस. तुझी एखादी ओळ कुणी न मागता परत म्हणून दाखवली, तर ती मात्र वहीत टिपून ठेव.

आता तू पाठवलेली, ज्येष्ठांनी 'तपासा' म्हटलेली गझल. आनंदकंद हे वृत्त तू बहुतेक ठिकाणी चांगलं पेललं आहेस. 'दारात थांबलेली माझी जुनीच छत्री' या मिसऱ्यावर मी थांबले. गागालगा लगागा, गागालगा लगागा ('गा' गुरू, 'ल' लघू), या ओळीत कुठेही ओढाताण नाही, आणि छत्रीला 'थांबलेली' म्हटल्यामुळे घरात कुणीतरी बाहेर जायचं राहून गेलंय असं वाटतं. पण 'जुनीच'मधला 'च' काय करतो? मला तो लघू अक्षर भरण्यासाठी आलेला वाटतो. दुसरी छत्री असती तर 'च'ला अर्थ होता, इथे एकच आहे. त्या जागी बसेल असा शब्द तुझ्याजवळ असणार, तू शोध.

दुसरी अडचण काफियाची, म्हणजे यमकाची आहे. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'सावली' आणि 'पावली' घेतलंस, म्हणजे 'आवली' हे बंधन तू स्वतःहून गळ्यात घातलंस. मग तिसऱ्या शेरात 'मोकळी' चालत नाही. त्या ज्येष्ठांनी हे दाखवलं नाही, ते वृत्तावरच थांबले, म्हणून सांगते. दोन वाटा आहेत. 'आवली' पाळायचं असेल तर तिसरा शेर काढ किंवा नव्याने लिही. किंवा मतल्यातच एका ओळीला 'सावली' आणि दुसरीला 'मोकळी' आण, म्हणजे 'ई'चा स्वरकाफिया, नुसत्या शेवटच्या स्वराचं यमक, होईल आणि पुढचे सगळे शेर सुटतील. तिसरा शेर या गझलेत सगळ्यात चांगला आहे, आईच्या चपलांचा. तो वाचवायचा असेल तर दुसरी वाट धर. पण तुझी गझल आहे, ठरवायचं तूच.

मतला बदललास की पाठव. घाई नाही. रविवारी दुपारी मी मोकळी असते, फोन केलास तर वाचून दाखव, मला कागदापेक्षा कानाने लवकर कळतं.

तुझी,
ताई