वाचकांचे प्रश्न : छोट्या देशातली प्राध्यापकी आणि परदेशी गेलेले शास्त्रज्ञ

इस्रायलमधल्या उच्च शिक्षणाविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना उत्तरं लांबली, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न : इस्रायल संशोधनावर जगात सर्वाधिक प्रमाणात खर्च करणाऱ्या देशांपैकी एक आहे, असं नेहमी वाचतो. मग तिथले शास्त्रज्ञ अमेरिकेला का जातात? पगार कमी म्हणून का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

पगाराचा वाटा आहे, पण तो दुसरा. पहिलं कारण जागांचं आहे.

खर्चाचा आकडा खरा आहे. देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांहून जास्त रक्कम तिथे संशोधन-विकासावर जाते. मात्र त्यातला फार मोठा भाग कंपन्यांचा असतो. 1974 मध्ये इंटेलने अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं डिझाइन केंद्र हैफात काढलं. तेव्हापासून बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या प्रयोगशाळा तिथे वाढत गेल्या. चिप, सॉफ्टवेअर किंवा औषधं यांत काम करणाऱ्याला त्या पैशातून नोकरी मिळते. संख्याशास्त्राचा सिद्धांत मांडणाऱ्याला, प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला किंवा कीटकांच्या वर्गीकरणात आयुष्य घालवणाऱ्याला विद्यापीठाशिवाय जागा नाही, आणि विद्यापीठं मोजकी आहेत. हैफाचं तेक्निऑन, जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ, रेहोवोतची वाइझमन संस्था, बार-इलान, तेल अवीव, हैफा, बेर्शेबाचं बेन-गुरिअन आणि 2012 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेलं, इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधलं एरिएल, ही प्रमुख संशोधन-विद्यापीठं. शिवाय एक मुक्त विद्यापीठ. 1995 च्या कायदादुरुस्तीनंतर महाविद्यालयं पुष्कळ निघाली, पण तिथे शिकवण्याचे तास जास्त आणि प्रयोगशाळा कमी.

आता हिशेब मांडून पाहू. प्राध्यापक साधारण 36 व्या वर्षी रुजू होतो आणि 68 व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे जागा 32 वर्षं अडते. एखाद्या विभागात 32 जागा असतील आणि त्या वाढत नसतील, तर वर्षाला सरासरी एक जागा मोकळी होते. त्या विभागात आठ उपशाखा धरल्या तर तुमच्या उपशाखेची पाळी आठ वर्षांतून एकदा येते. असे सहा विभाग देशात असले तरी तुमच्या विषयाची जाहिरात सरासरी सोळा महिन्यांतून एकदाच निघणार. उलट प्रत्येक प्राध्यापकाने कारकिर्दीत बारा जणांना पीएच.डी. केलं, तर त्या एका विभागातून 32 जागांसाठी 384 उमेदवार तयार होतात. सगळ्यांना प्राध्यापक व्हायचं नसतं हे खरं, पण निम्मे गाळले तरी गणित जमत नाही.

अमेरिकेतही जागा अपुऱ्याच असतात. फरक असा की तिथे शेकडो विद्यापीठं आहेत, त्यामुळे एका वर्षी हुकलेली संधी पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात मिळू शकते. छोट्या देशात ती जागा भरली की तुमच्या वयाच्या माणसासाठी दार बंदच होतं. तिथे गुणवत्तेइतकंच महत्त्व वेळ जुळण्याला आहे, आणि यात उमेदवाराचा काहीच दोष नसतो.

तेल अवीव विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डॅन बेन-डेव्हिड यांनी 2003-04 सालची मोजणी केली. अमेरिकेत काम करणारे इस्रायली प्राध्यापक हे मायदेशातल्या एकूण वरिष्ठ प्राध्यापकवर्गाच्या जवळपास पाव भागाइतके भरले. अमेरिकेच्या शेजारी असलेल्या कॅनडासाठी हेच प्रमाण सुमारे 12 टक्के होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लोकसंख्या वाढत गेली, विद्यार्थी वाढले, पण विद्यापीठांतल्या कायम जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. दर लाख लोकसंख्येमागे प्राध्यापक निम्म्याहून कमी झाले.

आता पगाराकडे येऊ. इस्रायलमध्ये प्राध्यापकांची वेतनश्रेणी सामाईक आहे. लेक्चरर, सीनियर लेक्चरर, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसर या पायऱ्या सगळ्या विषयांना सारख्या असतात. तत्त्वज्ञानाच्या आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाला एका पायरीवर साधारण तेवढंच मिळतं. म्हणून अर्थशास्त्र, वित्त आणि संगणक या विषयांत गळती जास्त दिसते. 2021 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते जोशुआ अँग्रिस्ट मूळचे अमेरिकेतले. ते 1991 ते 1996 हिब्रू विद्यापीठात होते, नंतर एमआयटीला गेले. विषयानुसार पगारात फरक करायला ही व्यवस्था तयार नाही, ही तक्रार त्यांनी पुढे उघडपणे मांडली. आमच्या मते सामाईक श्रेणीत एक न्याय आहे आणि ती मोडली तर मानव्यविद्या आधी मरतील. पण या न्यायाची किंमत काही विभाग मोजतात, हे मान्य करायला हवं.

प्रश्न : माझे आईवडील कुलाबा जिल्ह्यातून इथे आले. आम्ही घरात अजून मराठी बोलतो. मुलगी बेर्शेबाला जीवशास्त्रात डॉक्टरेट संपवते आहे. तिचे मार्गदर्शक म्हणतात, पोस्टडॉकसाठी, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठी, अमेरिकेला गेल्याशिवाय इथे नोकरी मिळणार नाही. तिला दोन लहान मुलं आहेत. गेली की परत येणार नाही, ही भीती वाटते. खरंच जावं लागतं का?
— एक आई, अश्दोद

हो, प्रयोगशाळेच्या विषयात जावंच लागतं, असंच समजा. नियम कुठे लिहिलेला नसला तरी निवडसमित्या तो पाळतात. कारण समजून घेतलं तर राग थोडा कमी होईल. इतक्या छोट्या देशात एका विषयातले सगळे एकमेकांचे विद्यार्थी किंवा मार्गदर्शक असतात. उमेदवार खरंच स्वतंत्रपणे उभा राहू शकतो का, हे बाहेरच्या माणसाने सांगितल्याशिवाय समितीला कळत नाही. त्यामुळे शिफारसपत्रंही मुख्यतः परदेशातून मागवली जातात.

आणि गेलेली माणसं परततात. रसायनशास्त्राचं 2004 चं नोबेल मिळवणारे अव्राम हर्श्को आणि आरोन चिखानोव्हर दोघेही पोस्टडॉकसाठी अमेरिकेत गेले, हर्श्को सॅन फ्रान्सिस्कोला आणि चिखानोव्हर एमआयटीला. दोघेही मायदेशी परतून तेक्निऑनमध्ये रुजू झाले.

तुमच्या मुलीची अडचण वयाची आहे. लष्करी सेवेमुळे इस्रायलमध्ये पदवीच उशिरा सुरू होते. डॉक्टरेट होईपर्यंत तिशी ओलांडते, मुलं झालेली असतात, आणि जोडीदाराची नोकरी असते. म्हणून तयारी निघण्याआधी करावी.

पैसा कुठून येणार हे आधी ठरवा. रॉथशिल्ड, फुलब्राइट, झुकरमन, जीवशास्त्रासाठी एम्बो आणि ह्यूमन फ्रंटिअर अशा शिष्यवृत्त्या आहेत. स्त्री-संशोधकांना पोस्टडॉकसाठी परदेशी जाताना पूरक रक्कम देणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम वाइझमन संस्थेने 2007 मध्ये सुरू केला. त्याची चौकशी सर्वांत आधी करा. अर्जाची मुदत आणि जाण्याची तारीख यांत बराच काळ जातो, त्यामुळे प्रबंध सादर व्हायच्या वर्षभर आधीच कामाला लागावं. अमेरिकेला जे-1 व्हिसावर गेली तर नवऱ्याला जे-2 मिळतो. त्यावर परवाना काढून त्याला नोकरी करता येते, पण तो परवाना तिथे पोहोचल्यावर मागावा लागतो आणि हातात पडायला महिने लागतात. तेवढ्या काळाचं घरभाडं आणि पाळणाघराचा खर्च हाताशी ठेवा. एका पोस्टडॉकच्या पगारात दोन मुलांचं पाळणाघर बसत नाही. बहुतेक कुटुंबं इथेच कोलमडतात. फुलब्राइटच्या पैशावर जे-1 घेतला तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. परतायचंच असेल तर ती अडचण नाही, पण माहीत असावी.

देश सोडताना राष्ट्रीय विमा संस्थेकडे, म्हणजे बितुआख लेउमीकडे, नोंद करून वर्गणी भरत राहा. वर्गणी थांबली आणि रहिवासीपण गेलं, तर परतल्यावर आरोग्यविम्यासाठी थांबावं लागतं. बाहेरच्या दर वर्षामागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने. हा काळ एकरकमी पैसे भरून टाळता येतो, पण लहान मुलांसह परतणाऱ्याच्या खिशाला तो भुर्दंड जड जातो.

आता परतीचं. विद्यापीठाचं वर्ष सुक्कोत या सणानंतर, शरदात सुरू होतं. ज्या शरदात रुजू व्हायचं त्याच्या साधारण वर्षभर आधी अर्ज गेलेला असावा. विभागाची समिती, विद्याशाखेची समिती आणि विद्यापीठाची नियुक्ती समिती अशा पायऱ्यांत महिने जातात. दरवर्षी ती घरी येईल तेव्हा तिला दोन-तीन विभागांत व्याख्यान द्यायला सांगा. जाहिरात निघायच्या आधी विभागाला तिचं काम माहीत असणं छोट्या देशात फार उपयोगी पडतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या नावावर एक तरी भक्कम शोधनिबंध प्रथम लेखक म्हणून तयार हवा. चौथ्या-पाचव्या वर्षात गेलं की मुलं शाळेत रुळतात, हिब्रू मागे पडतं, आणि परतणं कठीण होतं.

नेमणूक झाली तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रयोगशाळेची जागा किती चौरस मीटर, दुरुस्ती कोणत्या तारखेला संपणार, उपकरणांसाठी किती रक्कम, आणि किती विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाची सोय. बांधकाम रेंगाळतं आणि कायम होण्याची मुदत मात्र चालू राहते. मुदत प्रयोगशाळा ताब्यात आल्यापासून मोजावी, अशी विनंती नेमणुकीच्या वेळीच करता येते, नंतर कोणी ऐकत नाही. इस्रायल सायन्स फाउंडेशनचं नव्या प्राध्यापकांसाठी उपकरण-अनुदान आहे. ते नेमणुकीनंतर ठरावीक काळातच मागता येतं आणि विद्यापीठालाही त्यात वाटा घालावा लागतो. त्याचं आश्वासनही याच पत्रात असू द्या. जमलं तर वर्ष सुरू होतानाच रुजू व्हावं. मार्चमध्ये आलेल्या नव्या प्राध्यापकाला चांगले विद्यार्थी मिळत नाहीत, ते शरदातच कुठेतरी लागलेले असतात.

तुमची भीती निराधार नाही. पण ती न जाण्याचं कारण होऊ देऊ नका. न गेल्यास या क्षेत्रात तिला जागा मिळण्याची शक्यता जवळपास संपते.

प्रश्न : 2013 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी दोघे इस्रायली, पण दोघेही अमेरिकेत. हे देशाचं अपयश नाही का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी

एरिए वॉर्शेल यांनी वाइझमन संस्थेत डॉक्टरेट केली, हार्वर्डला पोस्टडॉक करून ते परतले, आणि 1976 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. मायकेल लेविट जन्माने दक्षिण आफ्रिकेतले. तेही वाइझमनला होते आणि 1987 मध्ये स्टॅनफर्डला गेले. रेणूंची गणना संगणकावर करण्याचं त्यांचं सुरुवातीचं काम वाइझमनमध्येच झालं होतं. त्यामुळे अपयश म्हणायचं तर ते घडवण्यातलं नाही, टिकवण्यातलं आहे. 2009 च्या अदा योनाथ वाइझमनच्या आणि 2011 चे डॅन शेख्टमन तेक्निऑनचे, हे दोघे मायदेशातली जागा न सोडता तिथवर पोहोचले. पारितोषिकांवरून देशाचं धोरण मोजू नये. दरवर्षी 37-38 वर्षांच्या किती जणांना पहिली कायम जागा मिळाली, तो आकडा पाहावा.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएच.डी. आहे. इस्रायलच्या एका विद्यापीठातून पोस्टडॉकसाठी बोलावणं आलं आहे. तिथेच पुढे कायम होता येईल का? आणि जाण्याआधी काय विचारावं?
— वाचक, नागपूर

कायम होण्याची आशा धरून जाऊ नका. वर जो हिशेब सांगितला तो तुम्हालाही लागू आहे. शिवाय पदवीचे वर्ग हिब्रूत चालतात आणि दीर्घकाळ राहण्याचा हक्क परदेशी संशोधकाला सहज मिळत नाही. दोन वर्षं उत्तम काम करून पुढे युरोपात किंवा भारतात जागा मिळवायची, या हेतूने गेलात तर प्रयोगशाळा चांगल्या आहेत. अनेक भारतीय पोस्टडॉक तिथे असतात, आणि भारत व चीनमधल्या पोस्टडॉकसाठी तिथल्या उच्च शिक्षणाच्या नियोजन व अंदाजपत्रक समितीने वेगळी शिष्यवृत्तीही ठेवली होती.

तुम्हाला मिळणारी रक्कम बहुतेक वेळा पगार नसून विद्यावेतन असते. त्यात भविष्यनिर्वाह किंवा निवृत्तिवेतन धरलेलं नसतं. एका वर्षाचं पत्र आणि 'पुढे वाढवू' हे तोंडी आश्वासन, हा नेहमीचा प्रकार. वाढवणं कशावर अवलंबून आहे आणि प्राध्यापकांचं अनुदान कधी संपतं, हे सरळ विचारा. आरोग्यविम्याचे पैसे कोण भरणार, पत्नी-मुलांचा विमा त्यात आहे का, तेही. घर विद्यापीठाच्या आवारात नसेल तर भाड्याशिवाय 'अर्नोना' हा नगरपालिकेचा कर भाडेकरूलाच भरावा लागतो. इमारतीच्या देखभालीची वर्गणी वेगळी. हे दोन्ही धरून महिन्याचा हिशेब करा.

सुरक्षेचा प्रश्न टाळू नका. 2023 च्या ऑक्टोबरपासून युद्धाच्या सावलीतच काम चाललं आहे. 2025 च्या जूनमध्ये इराणी क्षेपणास्त्रांनी वाइझमन संस्थेतल्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त केल्या, आणि काही गटांचे अनेक वर्षांचे नमुने गेले. घर घेताना त्यात 'ममाद', म्हणजे पक्क्या काँक्रीटची सुरक्षित खोली, आहे का हे पाहा. जुन्या इमारतींत ती नसते, तेव्हा जवळचा आसरा किती मिनिटांवर आहे ते प्रत्यक्ष चालून मोजा. मोजमापांची आणि वर्णपटांची एक प्रत रोज देशाबाहेरच्या साठ्यावर ठेवण्याची परवानगी प्राध्यापकांकडून पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या.

बोलावणं एरिएलहून असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ते वेस्ट बँकमध्ये असल्यामुळे 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार युरोपीय संघाचा संशोधननिधी तिथे मिळत नाही. पुढे युरोपात जायचा विचार असेल तर हे आजच लक्षात घ्या, आणि बोलावणं स्वीकारण्याआधी त्याच गटातून बाहेर पडलेल्या दोन जुन्या पोस्टडॉकना फोन करून ते आता कुठे आहेत हे विचारा.